नाकातला पॉलिप आणि काढे-तेलं : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी आयुर्वेदातल्या शालाक्य शाखेची, म्हणजे कान-नाक-घसा-डोळे बघणारी वैद्य. दवाखाना ठाण्यात, नौपाड्यात. कळवा, ऐरोली, घोडबंदरकडून माणसं येतात ती बहुतेक वेळा हातात सीटी स्कॅनची मोठी पिशवी घेऊन, आणि बसायच्या आत पहिला प्रश्न टाकतात : "मॅडम, ऑपरेशनशिवाय होईल ना?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे सगळं लिहून काढलं.

पॉलिप म्हणजे काय? गाठ आहे का? पुढे कॅन्सर होतो का?

सोललेलं द्राक्ष डोळ्यांसमोर आणा. फिकट, ओलसर, किंचित पारदर्शक, खाली लोंबणारं. नाकाच्या आतलं अस्तर वर्षानुवर्षं सुजत राहिलं की त्यात पाणी साठतं, अस्तर जड होतं आणि लोंबायला लागतं. दोन डोळ्यांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखी बारीक पोकळ्यांची हाडं असतात. बहुतेक पॉलिप तिथून उगवून नाकात उतरतात. पॉलिप दुखत नाही. आत सळईने हलकेच स्पर्श केला तरी माणसाला फारसं कळत नाही.

दोन्ही नाकपुड्यांत असणारे हे नेहमीचे पॉलिप कॅन्सर नव्हेत, आणि त्यांचा पुढे कॅन्सरही होत नाही. एकाच बाजूला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्याबद्दल खाली लिहिलं आहे, ते वगळू नका.

"नाकाचं हाड वाढलंय" म्हणतात ते हेच का?

नाही. या एका वाक्याखाली आपल्याकडे तीन वेगळे आजार नांदतात. नाकाचा मधला पडदा वाकडा असणं हा एक. नाकाच्या बाजूच्या भिंतीवरची मांसल पट्टी ॲलर्जीने फुगणं हा दुसरा. ही पट्टी सगळ्यांना असते, ती गुलाबी दिसते आणि स्पर्श केला की झोंबतं. मोबाइलच्या टॉर्चने आरशात बघून "मला पॉलिप आहे" असं सांगत येणाऱ्या अनेकांना ही पट्टीच दिसलेली असते. तिसरा खरा पॉलिप. तिन्हींत नाक बंद होतं, पण उपाय तिन्हींचे निराळे.

घोडबंदर रोडच्या धुळीमुळे होतो का?

धुळीने त्रास नक्की वाढतो. मेट्रोच्या कामाच्या खांबांखालून रोज दुचाकीवरून जाणाऱ्यांची नाकं मी बघते, काही विचारायची गरज पडत नाही. पण धूळ आपण सगळेच खातो आणि पॉलिप सगळ्यांना होत नाही. मूळ आहे ते अस्तराची दीर्घकाळची सूज. ज्यांना दमा आहे, त्यांच्यात हे जास्त दिसतं. दमा, पॉलिप आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांचा त्रास हे त्रिकूट एकाच माणसात सापडतं, हे डॉक्टरांना कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. अशा माणसाने डोकेदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं तर तासा-दोन तासांत दम लागू शकतो. म्हणून पॉलिपचा पेशंट आला की मी विचारतेच : "कुठली पेनकिलर घेतल्यावर छाती भरते का?"

आपल्या दमट हवेत आणखी एक प्रकार दिसतो, बुरशीच्या ॲलर्जीचा. सायनसमध्ये पीनट बटरसारखा घट्ट, चिकट, तपकिरी गाळ साठतो. पावसाळ्यात भिंतीला ओल धरलेल्या खोलीत झोपणाऱ्यांनी आधी ती भिंत दुरुस्त करावी. नाकाकडे मग बघू.

माझं फक्त नाक बंद असतं. पॉलिप कसा ओळखायचा?

नाक बंद, घशात मागून कफ उतरणं, चेहरा जड वाटणं हे सर्दीतही असतं. फरक दोन गोष्टींनी कळतो. एक म्हणजे काळ : हे तीन महिने, सहा महिने, कधी वर्षभर चाललेलं असतं. दुसरी म्हणजे वास.

तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये काम करणारे एक काका माझ्याकडे आले होते. तक्रार घोरण्याची होती, तीही बायकोची. मी वेलची चुरडून नाकाशी धरली. काकांनी दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "काहीतरी आहे खरं." ज्या माणसाने वीस वर्षं वेलचीच्या गोण्यांत काढली, त्याला वेलची ओळखता येईना, आणि ते त्यांना त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं. वास हळूहळू जातो. माणूस "हल्ली भाजीला चव नसते" म्हणत राहतो.

घरी बघायचं तर कॉफीची पूड किंवा वेलची घ्या, डोळे मिटून एकेका नाकपुडीने हुंगा. कापूर किंवा बाम घेऊ नका. त्यांचा गारवा आणि झोंब वेगळ्या मज्जातंतूने कळते, वास पूर्ण गेलेल्यालाही "येतोय की" असं वाटतं.

एंडोस्कोपी करायलाच हवी का?

हो. बारीक दुर्बीण, पाच मिनिटं, थोडं गुदगुल्यासारखं होतं. एक्स-रेने फारसं समजत नाही. सीटी कधी करायचा ते डॉक्टर ठरवतील. ऑपरेशनआधी तो लागतोच.

आयुर्वेदात या आजाराचा उल्लेख आहे का?

आहे, आणि चांगला तपशिलात. सुश्रुतसंहितेत नाकाचे ३१ रोग सांगितले आहेत, त्यात नासार्श येतो. अर्श म्हणजे मूळव्याध. नाकातल्या कोंबाला त्याच जातीचं नाव दिलं. अर्शावर सुश्रुतांनी चार उपाय सांगितले : औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. "आयुर्वेदात ऑपरेशन नाहीच ना?" असं विचारणाऱ्यांना मी ही यादी ऐकवते. शस्त्र तिथे आहे, आणि ते नाइलाज म्हणून मागाहून चिकटवलेलं नाही.

क्षार म्हणजे आघाड्यासारख्या वनस्पतीची राख पाण्यात धुऊन, आटवून काढलेला दाहक पदार्थ. आघाडा म्हणजे तोच, गौरी-गणपतीच्या पत्रीतला. काही शालाक्य तज्ज्ञ दुर्बिणीखाली तो कोंबावर मोजून लावतात. नाकाच्या पडद्यावर चुकून लागला तर भोक पडू शकतं. त्यामुळे हे घरी करायचं काम नाही, आणि दुर्बीण नसलेल्या दवाखान्यातही नाही.

स्पष्ट सांगा : काढ्याने किंवा तेलाने पॉलिप विरघळतो का?

मोठा, नाक भरून राहिलेला पॉलिप काढ्याने विरघळलेला मी पाहिलेला नाही. तसं पक्कं दाखवून देणारा मोठा अभ्यासही नाही. माझा पोटापाण्याचा व्यवसाय वनौषधींचा आहे, तरी हे सांगते.

पण म्हणून त्या निरुपयोगी ठरत नाहीत. पॉलिप हे फळ आहे आणि सुजलेलं अस्तर हे झाड. नाक रोज धुणं, ॲलर्जीचा जोर कमी करणं, कोरड्या पडलेल्या अस्तराला स्निग्धता देणं, कफ पातळ करणं, झोप सुधारणं, यांत आपल्या उपायांना जागा आहे. लहान पॉलिप असेल तर नाकातल्या स्टेरॉइड स्प्रेच्या (त्याबद्दल खाली लिहिलं आहे) जोडीला, आणि ऑपरेशन झालं असेल तर पुन्हा उगवू नये म्हणून. "स्प्रे बंद करून फक्त हे घ्या" असं जो सांगतो, त्याच्याकडे दुर्बीण आहे का ते आधी विचारा.

मग निलगिरीची वाफ घेतली की नाक लगेच मोकळं कसं होतं?

बहुतेक वेळा मोकळं होत नाही, तसं वाटतं. पुदिन्यातला मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो. मेंदूला वाटतं, भरपूर हवा आत येतेय. हवा मोजली तर तेवढीच भरते. ओवा, कापूर, निलगिरी, बाम यांचा बराचसा आराम याच जातीचा. गरम वाफेने चिकट शेंबूड सुटतो, तो फायदा खरा.

झोपण्याआधी वाफ घ्या, बरं वाटतं, माझी हरकत नाही. पण उकळतं पातेलं मांडीजवळ ठेवून डोक्यावरून चादर घेऊ नका. पातेलं कलंडून मांड्या भाजलेली मुलं बर्न्स वॉर्डात येत असतात. टेबलावर ठेवलेलं वाफेचं यंत्र बरं. कापूर आणि निलगिरी तेल लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. थोडंसं पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात.

जलनेती करावी का? आमच्या योगवर्गात नळाच्या पाण्याने करतात.

करावी. सगळ्या घरगुती उपायांत मला एकच निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन. खारट पाण्याने नाक धुण्याची शिफारस आधुनिक नाक-तज्ज्ञही करतात. इथे दोन्ही शास्त्रांचं भांडण नाही.

पण नळाच्या पाण्याने अजिबात नाही. फिल्टरच्याही नाही. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पिण्याच्या पाण्यातून पोटात गेला तर काही होत नाही, नाकातून वर चढला तर मेंदूपर्यंत जातो, आणि त्यातून वाचणारे फार थोडे. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा असा मृत्यू झाला. केरळात अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या बातम्या २०२४ पासून आपण वाचतोच आहोत. आजार दुर्मीळ आहे, पण टाळायला लागतं काय, तर गॅसवर ठेवलेलं एक पातेलं.

पाणी खळखळ उकळा, झाकून कोमट होऊ द्या. अर्ध्या लिटरला चहाचा एक सपाट चमचा मीठ, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. शक्यतो आयोडीन नसलेलं, सैंधव चालेल, पण ते बारीक दळलेलं हवं. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर झोंबत नाही. मीठ कमी पडलं की नाकात पाणी गेल्यावर होते तशी आग होते, आणि लोक "नेती मला सोसत नाही" म्हणून सोडून देतात. त्यांना नेती सोसते, चमचा चुकलेला असतो.

बेसिनवर वाका, मान एका बाजूला कलती करा, तोंडाने श्वास घ्या. वरच्या नाकपुडीत सोडलेलं पाणी खालच्या नाकपुडीतून येईल. पॉलिपने नाक पूर्ण गच्च असेल तर येणारच नाही, तेव्हा जोर लावू नका. नंतर एकदम जोरात शिंकरू नका, कानात दडे बसतात. भांडं रोज धुऊन कोरडं करा. ओल्या भांड्यात शेवाळ धरलेलं मी पाहिलं आहे, तेही "रोज नियमाने करतो" म्हणणाऱ्याच्या.

नस्य म्हणून अणुतेल की षड्बिंदू तेल? की घरचं साजूक तूप?

नस्य म्हणजे नाकात औषधी तेलाचे थेंब सोडणं. कुठलं तेल, ते वैद्याला ठरवू द्या. साधारणपणे रोजच्या काळजीसाठी अणुतेलाचे दोन-दोन थेंब पुरतात. षड्बिंदू तीक्ष्ण आहे, स्वतःहून सुरू करू नका. जेवल्यावर लगेच, डोक्यावरून अंघोळ केल्यावर, तापात, नव्या वाहत्या सर्दीत आणि गरोदरपणात नस्य घेऊ नये.

थेंब म्हणजे थेंब. तेल नाकात ओतून झोपणारे, विशेषतः वयस्कर आणि अंथरुणाला खिळलेले, यांच्या फुप्फुसात ते झिरपून न्यूमोनिया होऊ शकतो. आणि स्टेरॉइडचा स्प्रे चालू असेल तर तेल आणि स्प्रे एका वेळी नको, तेलाच्या थरावर स्प्रे बसत नाही. मी सकाळी नस्य आणि रात्री, नाक धुतल्यावर, स्प्रे असं वाटून देते.

पोटात काय घ्यावं? हळद, गुळवेल, ज्येष्ठमध?

सितोपलादी, त्रिकटू, व्योषादि वटी, चित्रक हरीतकी ही नाकाच्या तक्रारींत वैद्य देतात ती ठरलेली नावं. कफ पातळ होणं, भूक सुधारणं, सारखी सर्दी होण्याचं प्रमाण कमी होणं, इतपत अपेक्षा ठेवा. हळदीचे सूज कमी करणारे गुण प्रयोगशाळेत दिसतात, पण शरीरात ती फार कमी शोषली जाते. मिरपुडीबरोबर थोडी जास्त. दुधातल्या हळदीने पॉलिप जात नाही. दूध मात्र छान लागतं.

"झाडपाला आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य दवाखान्यात ऐकलं की मी पेन खाली ठेवते. ज्येष्ठमध महिनोन्महिने घेतला की रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. गुळवेलीचे काढे पिणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्याला आक्षेप घेतला, वाद झाला. मी त्यातून एवढंच घेतलं की यकृताचा किंवा स्वप्रतिकारक (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार असलेल्यांना गुळवेल देत नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर हळद, आलं, लसूण यांच्या कॅप्सूल घेताय हे सर्जनला सांगा. स्वयंपाकातली फोडणी सांगायची गरज नाही.

एका पुडीने तीन दिवसांत वास परत आला. तीच चालू ठेवू का?

पुडीवर घटक, बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक आहे का? नसेल तर थांबा. वर्षानुवर्षं गेलेला वास तीन दिवसांत आणणारी गोष्ट मला एकच ठाऊक आहे, पोटात घेतलेलं स्टेरॉइड. त्याने पॉलिप झरझर आकसतात, म्हणून डॉक्टरही ते मोजक्या दिवसांसाठी देतात, साखर आणि दाब बघून. निनावी पुड्यांत ते मिसळलेलं सापडतं. बरेच दिवस घेऊन पुडी एकदम बंद केली तर चक्कर, उलट्या, दाब कोसळणं असे प्रकार होतात. तेव्हा अशी पुडी परस्पर सोडूही नका, रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडा.

नाकात कडू दोडक्याचा रस? तपकीर?

नको. काविळीसाठी गावाकडे नाकात कडू रस सोडतात, पिवळं पाणी वाहतं आणि लोकांना वाटतं कावीळ उतरली. ते पाणी भाजलेल्या अस्तराचं असतं. टी ट्री तेल, लसणाचा रस, ॲपल सायडर व्हिनेगर नाकात घालणारेही हल्ली येतात. सुजलेल्या कातडीवर तुम्ही लसूण चोळाल का? आजोबांची तपकीरही त्याच रांगेतली. शिंक येते, पॉलिप जागचा हलत नाही.

स्प्रेची सवय लागते ना?

दोन वेगळे स्प्रे आहेत आणि सगळा घोळ तिथेच आहे. मेडिकलमधून आणलेले, मिनिटात नाक उघडणारे थेंब म्हणजे झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन. ते पाच-सात दिवसांपलीकडे गेले की नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. बाटली खिशात घेऊन लोकलमध्ये चढणारे कितीतरी आहेत.

पॉलिपसाठी देतात ते मोमेटासोन, फ्लुटिकासोन, ब्युडेसोनाइड. ही स्टेरॉइडं आहेत, पण काम नाकातच करतात. मोमेटासोनचा तर एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तात जातो. यांची सवय लागत नाही. लगेच गुणही येत नाही, दोन-तीन महिने रोज मारावा लागतो. लोक आठवड्यात सोडतात.

मारताना मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक कानाच्या दिशेला. मधल्या पडद्यावर मारला की नाकातून रक्त येतं. जोरात ओढू नका, औषध घशात जातं.

फक्त एकाच नाकपुडीत आहे. चालेल ना काही दिवस काढा?

नाही. इथे मी माझीच चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात कॉलेजमधला एक मुलगा आला होता, डावी नाकपुडी बंद. तेव्हा माझ्याकडे दुर्बीण नव्हती. समोरून फिकट कोंब दिसला, मी चार महिने नस्य आणि गोळ्या दिल्या. घरच्यांचा विश्वास, माझा उत्साह. चौथ्या महिन्यात त्याची आई म्हणाली, "ताई, हा झोपेत गुदमरतो." तपासणीत निघालं की गालाच्या सायनसमधून उगवलेला एकच मोठा पॉलिप मागे थेट घशापर्यंत लोंबत होता. त्यावर औषध नसतंच, तो मुळासकट काढावा लागतो. काढला, मुलगा बरा झाला. चार महिने मात्र मी त्याचे फुकट घालवले.

ते नशीब म्हणायचं. एकाच बाजूच्या वाढीत वेगळ्या गाठी निघू शकतात, कधी कॅन्सरही. लाल, स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार आणि चटकन रक्त येणारी वाढ म्हणजे ऱ्हायनोस्पोरिडिओसिस असू शकतो. तो पाण्यातल्या जंतूचा आजार आहे. हे सगळं बाहेरून "मांस वाढलंय" एवढंच दिसतं.

मुलाला आहे. लहान आहे, मोठा झाला की जाईल का?

लहान मुलांत पॉलिप सहसा नसतो. असला तर कारण शोधावंच लागतं, सिस्टिक फायब्रोसिससारखे आनुवंशिक आजार तपासतात. तान्ह्या बाळाच्या नाकातली वाढ कधी मेंदूच्या आवरणाची पिशवी असते. तिला हात लावायचा नाही, तेलाचं बोटही नाही.

ऑपरेशन केलं तरी पुन्हा येतो म्हणतात.

येतो, बऱ्याच जणांना, दमा असेल तर जास्त. ऑपरेशन नाकपुडीतूनच दुर्बिणीने होतं, चेहऱ्यावर कुठे छेद नसतो. पण त्याने वाट मोकळी होते, अस्तराचा स्वभाव तोच राहतो. मोकळ्या वाटेने स्प्रे आणि खारट पाणी आतपर्यंत पोचतं, हा खरा फायदा. "ऑपरेशन झालं, आता कशाला" म्हणत दोन्ही बंद करणारे वर्षा-दोन वर्षांत परत रांगेत दिसतात. वारंवार उगवणाऱ्यांसाठी आता इंजेक्शनंही आहेत. डुपिलुमॅबला अमेरिकेत पॉलिपसाठी २०१९ मध्ये मान्यता मिळाली. महाग आहेत, सगळ्यांना लागतही नाहीत.

दही, केळं, भात बंद करू?

पॉलिपसाठी नाही. ज्या पदार्थाने तुम्हाला दर वेळी त्रास होतो तो टाळा. दारूने नाक चोंदत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, वेदनाशामकांची ॲलर्जी असणाऱ्यांत हे दिसतं.

ताबडतोब कधी जायचं?

डोळा सुजला, पुढे आला किंवा एकाचे दोन दिसू लागले. तापाबरोबर भयंकर डोकेदुखी, मान ताठ. एका नाकपुडीतून वारंवार रक्त. वाकल्यावर एकाच बाजूने स्वच्छ पाणी टपकणं. मधुमेह असताना गाल बधिर होणं किंवा नाकात काळी खपली दिसणं : २०२१ चा म्युकर आठवा आणि उद्यावर ढकलू नका. खासगी परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जा.

वास परत येईल का?

अनेकांना येतो, पण तो सगळ्यात उशिरा येतो आणि कधी अर्धाच येतो. तोपर्यंत एक सांभाळा. घरात पाइप गॅस असेल तर गळती वासानेच कळते, आणि तो वास तुम्हाला येणार नाही. गॅस डिटेक्टर लावून घ्या, एकटे राहत असाल तर नक्कीच. उरलेलं अन्न दुसऱ्या कुणाला हुंगायला द्या.

मसाला मार्केटच्या काकांचं ऑपरेशन झालं, स्प्रे आणि नेती चालू आहे. मागच्या वेळी आले तेव्हा त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. वेलची होती. "ही दुय्यम आहे," म्हणाले, "वासावरून सांगतो."